पाणचक्कीकडची पाटी

पाट्या दोन होत्या आणि लेऑन्स माझोने त्यातली एकच लावली होती. गोष्ट एवढीशीच. पण त्या शनिवारी सकाळी साडेदहाला कूर्त्याल बाई नेच्याच्या वाळक्या झुडपांत मरून पडल्या होत्या, आणि दुसरी पाटी लेऑन्सच्या गाडीत कुत्र्याच्या गोणपाटाखाली तशीच होती.

आमच्या सॉर्नेलच्या खोऱ्यात रानडुकरांचा हाका असला की पायवाटेच्या दोन्ही तोंडांना पाटी लावायची: शिकार चालू आहे. वरची पठारावरच्या दगडी क्रुसाजवळ, खालची नदीकाठच्या जुन्या पाणचक्कीपाशी. रानातून उतरलं तर पाऊण तास. गाडीने मात्र अकरा किलोमीटरची नुसती वळणं, आणि नोव्हेंबरात त्यांच्यावर गोठलेलं दहिवर. सकाळी लेऑन्सने वरची पाटी ठोकली, हात चोळले, खालच्या रस्त्याकडे बघितलं आणि स्वतःशीच म्हणाला, मरू दे, या थंडीत चक्कीकडून कोण कडमडतंय. शिकाऱ्यांच्या खोलीवर शेगडी पेटली होती, कॉफी उकळत होती, पाव आणि सॉसेज कापून ठेवलं होतं. शिकारी मंडळाचा अध्यक्ष मार्सलँ याने विचारलं, दोन्ही लावल्यास ना, तेव्हा लेऑन्सच्या तोंडात घास होता. त्याने मान हलवली. बासष्ट वर्षांच्या माणसाने मारलेली ही काही फार मोठी थाप नव्हती. आपण सगळेच रोज याहून मोठ्या मारतो.

इव्हेत कूर्त्याल बाईंनी गावच्या शाळेत तीस वर्षं पोरांना वळण लावलं, आणि निवृत्त झाल्यावर वाटांना लावायला घेतलं. पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन त्या रानभर फिरत. बरोबर वाटेवरच्या झाडाला पिवळा पट्टा, चुकीच्या फाट्याला पिवळी फुली. बाहेरगावचे चालणारे त्यांच्या पट्ट्यांच्या भरवशावर नदीपर्यंत जाऊन सुखरूप परत येत. पाट्यांचा आग्रहही मुळात बाईंचाच. चार वर्षांपूर्वी गावच्या सभेत त्यांनी मार्सलँला उभा-आडवा घेतला होता. पाटी दिसली तर मी पाऊल टाकणार नाही, पाटी नसेल तर वाट माझी, असं सगळ्यांसमोर ठणकावलं होतं. मार्सलँ चरफडला, पण कबूल झाला. शिकारी त्यांना माघारी काय काय म्हणत ते इथे सांगण्यासारखं नाही; पण बाईंनी शब्द पाळला. पाटी दिसली की तोंडाचा पट्टा सोडत, आणि मागे फिरत.

त्या दिवशी त्या पट्टा मारायला वाकून एका बीचच्या झाडाच्या खोडावरचं शेवाळ खरवडत होत्या. अंगात तपकिरी कोट. वरच्या कड्यावर उभ्या असलेल्या रेजिस व्हियालला नेच्यात काहीतरी तपकिरी हलताना दिसलं आणि त्याने बार टाकला. काय आहे ते नीट बघितल्याशिवाय बंदूक चालवायची नाही, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. त्याचं त्याला भोगावं लागणारच होतं. लेऑन्स सगळ्यात जवळ होता, तो धावत पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. रेजिस एका झाडाला धरून ओकत होता आणि वाट बंद होती ना, वाट बंद होती ना, एवढंच म्हणत होता.

मार्सलँने पोलिसांना फोन लावला. ते जंगलातल्या वरच्या रस्त्याने येणार होते, चाळीस-पन्नास मिनिटं लागणार होती. लेऑन्सने त्याला बाजूला घेतलं आणि खालच्या पाटीचं सांगून टाकलं. मार्सलँ शिवी देईल असं लेऑन्सला वाटलं होतं, दिली असती तर बरं वाटलं असतं.

"गाडी काढ," मार्सलँ म्हणाला. "खाली जा आणि ठोकून ये."

"आत्ता?"

"मग काय उद्या? बाई गेल्या, लेऑन्स. त्यांना आता कशानेच फरक पडत नाही. रेजिसला पडतो. तुला पडतो. वाट बंद होती आणि त्या आत शिरल्या, बस. त्यांचा स्वभाव अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

लेऑन्स गेला. पाय निघाले, गाडी निघाली. वळणावळणाला त्याच्या कानात लोकांचं बोलणं ऐकू येत होतं: हट्टीच होती म्हातारी, पाटी ओलांडून गेली, दुसरं काय होणार. हे खोटं आहे हे त्याला माहीत होतं. त्याच्या लेकीला याच बाईंनी वाचायला शिकवलं होतं, इतर मास्तरांनी हात टेकल्यावर. त्याला स्वतःची किळस येत होती, आणि तरी तो गाडी जोरात हाणत होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या.

चक्कीच्या पडक्या भिंतीशी त्याने गाडी उभी केली, पाटी काखेत मारली, हातोडा घेतला आणि भिंतीला वळसा घालून वाटेच्या तोंडाशी आला. तिथे आबेल कूर्त्यालची पांढरी गाडी उभी होती आणि आत आबेल बसला होता.

आबेल म्हणजे बाईंचा नवरा, गावचा जुना पोस्टमन. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला चढ झेपत नसे, म्हणून तो बाईंना खाली सोडायचा आणि थर्मास घेऊन वाट बघत बसायचा. नदीपाशी फोन लागत नाही. त्याला कोण कळवणार होतं?

लेऑन्सच्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की आता पाटी ठोकून उपयोग नाही, हा सकाळपासून इथेच बसलाय. आपली बायको गेली हे आबेलला माहीतच नाही, हे त्याच्या लक्षात आलं ते त्यानंतर. विचार या क्रमाने आले, याबद्दल त्याने पुढे स्वतःला कधीही माफ केलं नाही.

आबेलने काच खाली केली. त्याची नजर पाटीवर गेली.

"आत्ता लावतोयस होय? मग जरा दम धर, बाबा. ती वरच आहे. साडेअकरापर्यंत उतरेल, मग घाला तुम्हाला काय गोंधळ घालायचा तो." मग हसून म्हणाला, "मगाशी बार ऐकला तेव्हा दार उघडून उतरायलाच निघालो होतो. पण म्हटलं, इथे पाटी नाही म्हणजे पलीकडच्या अंगाला असतील. पाटीचं तुम्ही चुकवत नाही, एवढं खरं."

लेऑन्सला पळून जावंसं वाटलं. वर जाऊन मार्सलँला पाठवावं, पोलिसांना पाठवावं, पाद्र्याला पाठवावं. त्याने हातोडा खाली ठेवला.

"आबेल," तो म्हणाला, "बाई गेल्या. रेजिसची गोळी लागली. तासही झाला नाही अजून."

आबेलने त्याला पुन्हा सांगायला लावलं. लेऑन्सने तेच शब्द पुन्हा सांगितले. मग आबेलने थर्मासचं झाकण नीट फिरवून बसवलं, थर्मास शेजारच्या सीटवर ठेवला, आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. चक्कीखालून नदी वाहत होती, तिचा आवाज फार मोठा वाटत होता.

"मग ही कशाला आणलीस?" त्याने विचारलं.

लेऑन्सने पाटीकडे बघितलं. "सकाळी लावायची राहिली. मी आलोच नाही इथे. मी सांगेन पोलिसांना, आबेल. मीच सांगेन."

आबेलने ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्याचं तोंड वाटेकडे होतं.

"ती आत जायला तयारच नव्हती," तो म्हणाला. "शनिवार आहे, पाटी असणारच, वाऱ्याने पडली असेल म्हणाली. चरात बघितलं, भिंतीमागे बघितलं, झुडपं उचकली. मला थंडी वाजत होती. मीच म्हटलं, नाहीये गं कुठे, जा तू."