कप्तानांचा दगड

तांगी बेर्तेलेच्या डोक्यावर निळी टोपी होती आणि टोपीवर सोनेरी नांगर. हा माणूस जन्मभर ब्रेस्ट शहरात विम्याच्या कचेरीत बसला. बेटावर येताना बोटीत त्याला दर खेपेला उलटी व्हायची. आता निवृत्त होऊन वेसाँ या आपल्या बेटावर परतल्यापासून तो ती टोपी झोपतानाही काढत नसणार, अशी आंब्रुआझ मालगॉर्नची खात्री होती.

शिडाच्या जहाजांवर गेलेल्या पूर्वजांचा शोध घेणारं एक मंडळ तांगीने काढलं होतं. धक्क्यावरच्या खानावळीत त्याची बैठक चालली होती. चर्चच्या आवारात मोठा काळा दगड उभा राहायचा होता, आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घातलेल्या बेटकरांची नावं त्यावर कोरायची होती. तांगी खड्या आवाजात नावं वाचत होता. कप्तान अमुक, कप्तान तमुक, आणि सगळ्यांत वर कप्तान ओलिव्हिए बेर्तेले, म्हणजे तांगीचा स्वतःचा पणजोबा. हा ओलिव्हिए जहाजावर बटाटे सोलायचा हे बेटावरच्या मेंढ्यांनाही ठाऊक होतं.

"तांगी," मागच्या बाकावरून आंब्रुआझ म्हणाला, "हे सगळे कप्तान होते, तर दोर कोण ओढत होतं?"

दोघं-तिघं हसले. तांगीने चष्म्यावरून पाहिलं.

"मालगॉर्न, तू इंजिनवाला. तुला शिडांतलं काय कळणार?"

"काही नाही कळत. म्हणून तर विचारतोय."

आंब्रुआझची सारी नोकरी मालवाहू जहाजांच्या पोटात, तेलात आणि धुरात गेली होती. त्या नोकरीला कुणी दगड बसवणार नव्हतं आणि त्यालाही तो नको होता. ही पूर्वजांची हौस त्याला बिनकामाच्या माणसांचा चाळा वाटायची. मेलेल्या खलाशांची पाठ थोपटता थोपटता लोक स्वतःचीच थोपटून घेतात, असं त्याचं मत होतं. तरी तो आज इथे आला होता, कारण त्याची बायको स्वाझिग मरताना त्याला सांगून गेली होती.

"तुसाँ त्युअल," तो म्हणाला. "त्याचं नाव घाल."

मघाशी हसलेले आता खाली बघायला लागले.

तुसाँ म्हणजे स्वाझिगच्या आजीचा बाप. त्याचं जहाज चिलीहून परतताना हॉर्नपाशी सगळ्या माणसांसकट नाहीसं झालं. समुद्राने ज्याचं प्रेत परत दिलं नाही त्याच्यासाठी बेट जे करतं ते त्याच्यासाठीही केलं. घरात टेबलावर पांढरं कापड अंथरलं, त्यावर मेणाचा छोटा क्रूस ठेवला, शेजारपाजारचे त्याच्याभोवती प्रार्थना करत बसले. मग पाद्रीबाबांनी तो क्रूस खऱ्या मयतासारखा चर्चमध्ये नेला आणि शेवटी स्मशानातल्या दगडी घुमटीत ठेवला. असा क्रूस आत गेला की माणूस मेला. पुढे काही वर्षांनी एका खलाशाने येऊन सांगितलं, की तुसाँ चिलीच्या एका बंदरात पोती वाहताना दिसला, चांगला जिवंत. तेव्हापासून तो पळपुटा झाला. स्वाझिगची आजी म्हातारी होऊन मेली तोवर 'पळपुट्याची पोर'च राहिली.

"पळपुट्यांसाठी हा दगड नाही," तांगी म्हणाला. "स्वाझिगबद्दल मला आदर आहे, देव तिला शांती देवो. पण मंडळाचे काही नियम आहेत."

"दारुड्यांबद्दल आहेत का नियम? मग तुझी अर्धी यादी गळेल."

"भावना समजतो मी, आंब्रुआझ. घरातलं माणूस गेल्यावर असं होतं."

आंब्रुआझ उठला. या माणसाच्या तोंडून आपल्या दुःखाची समजूत ऐकण्यापेक्षा त्याला बाहेरचा वारा बरा वाटला.

घरी स्वाझिगचा कॉफीचा वाडगा अजून फळीवर उपडा ठेवलेला होता. तो त्याने काढला नव्हता, वापरलाही नव्हता. शेवटची काही वर्षं ती तुसाँची जुनी कागदपत्रं शोधायला ब्रेस्टच्या खेपा घालत राहिली, आणि दर वेळी दमून रिकाम्या हाताने परत आली. दवाखान्यात ती म्हणाली होती, "दगडावर त्याचं नाव घालायला लाव. तू चिडशील मला ठाऊक आहे. चीड, पण लाव." बेटाच्या जुन्या रीतीप्रमाणे तीच त्याच्या दारी डुकराच्या मांसाचा तुकडा घेऊन मागणी घालायला आली होती, आणि तो खाऊन त्याने होकार दिला होता. तेव्हापासून तिच्या म्हणण्याला नाही म्हणायची सवय त्याला नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो उर्सूल मावशीकडे गेला. बेटावर तिच्याइतकं म्हातारं कुणी उरलं नव्हतं. ती चुलीपाशी बसून मटार सोलत होती.

"टोपीवाल्याने हाकललं म्हणे तुला," ती म्हणाली.

"मावशी, तुसाँचं खरं काय?"

"का? तुला कधीपासून मेलेल्यांची हौस?"

"मला नाही. स्वाझिगला होती."

मावशीने शेंगा बाजूला ठेवल्या. "तिने विचारलं होतं मला. मी गप्प बसले. तांगीची आई जिवंत होती तेव्हा, रोज माझ्यासाठी दूध आणायची. आता तीही गेली. बस."

मग तिने सांगितलं. तिची आई तरुणपणी तुसाँच्या बायकोकडे, झानकडे, शेतात मदतीला जायची. त्या दिवशी ती तिथेच होती.

"तुसाँ त्या बुडालेल्या जहाजावर नव्हताच. पाय मोडला म्हणून कप्तानाने त्याला चिलीत दवाखान्यात टाकलं आणि जहाज पुढे गेलं. लिहिता येत नव्हतं बिचाऱ्याला. या जहाजावर, त्या जहाजावर काम करत करत, लंगडत एक दिवस घरी आला. दार उघडं होतं. अंगणात, आपल्या बेटाच्या रीतीने, गवताळ मातीच्या धुमसत्या ढेकळांखाली मटणाचं भांडं शिजत होतं. आणि झान पोटुशी होती."

"दुसरं लग्न?"

"ओलिव्हिए बेर्तेलेशी. क्रूस घुमटीत गेला होता ना रे. विधवा होती ती."

आंब्रुआझने बाजूला ठेवलेली एक शेंग उचलून सोलली.

"माझी आई म्हणायची, कुणी ओरडलं नाही. झानने त्याला बसवलं. ओलिव्हिएने स्वतःच्या हाताने वाढलं. तुसाँची पोर ब्रेड घेऊन आली, तर झान तिला म्हणाली, पाहुण्यांना दे. पोरीने दिला. त्याने तिच्या हातून घेतला, खाल्लं, आणि म्हणाला, मटण चांगलं झालंय. सकाळच्या बोटीने, कुणी ओळखायच्या आत परत गेला. तो राहिला असता तर झान दोन नवऱ्यांची ठरली असती आणि पोटातलं पोर बेवारशी. पोटातलं पोर म्हणजे कोण, कळलं का?"

"तांगीचा आजोबा."

"हां. पुढे तो चिलीत दिसला तेव्हा झानला खरं सांगता येईना; सांगितलं असतं तर तो जिवंत असल्याचं तिला आधीपासून ठाऊक होतं हे उघड झालं असतं. मग पळपुटा तर पळपुटा." मावशीने पुन्हा मटार घेतले. "मोडक्या पायाने पळतोय कुठला."

तांगी अंगणात पितळी घंटा घासत होता. ती त्याने ब्रेस्टच्या जुन्या बाजारात विकत घेतली होती, आणि पाहुण्यांना ती पणजोबांची म्हणून दाखवायचा. आंब्रुआझने त्याला उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शेवटाला येईपर्यंत तांगीचा हात थांबला होता.

"म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही," तो म्हणाला.

"असेल. जाऊन विचार. तिला सगळं सांगायला आवडेल. खानावळीतही सांगेल."

"तुला काय पाहिजे, आंब्रुआझ? सरळ बोल."

"तेच. नाव."

"आणि मग हे…"

"हे काय?"

"नाव घालतो. पण हे कुणाला कळायला नको."

आंब्रुआझने त्याच्याकडे पाहिलं. त्याने धमकी द्यायचा विचारसुद्धा केला नव्हता. त्याला वाटलं होतं, हा माणूस घंटा खाली ठेवेल, गप्प बसेल, निदान एकदा तरी म्हणेल की अरेरे. ज्याच्यामुळे याच्या आजोबाला बाप मिळाला, आडनाव मिळालं, त्याच्याबद्दल याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. याला फक्त टोपी वाऱ्याने उडायला नको होती.

"तू घाबरू नकोस, तांगी," तो म्हणाला. "तुला कप्तान होताना बघायला मला आवडतं."

दगडाच्या दिवशी सगळं बेट जमलं. ब्रेस्टहून बँड आला. तांगीने भाषणात वादळ हा शब्द इतक्या वेळा घेतला की पुढच्या रांगेतली बाळं रडायला लागली. मग त्याने दोरी ओढली. दगडावर टाकलेला झेंडा खाली पडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आंब्रुआझने खालपर्यंत वाचलं. नाव होतं, शेवटून दुसरं, ठसठशीत अक्षरांत: कप्तान तुसाँ त्युअल.

स्वाझिगच्या मयतीनंतर तो पहिल्यांदाच मोठ्याने हसला. बँडवाले थांबून बघायला लागले. तांगी गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बघ, मी शब्द पाळला. शब्दापेक्षा जास्तच दिलं."

"पाहिलं," आंब्रुआझ म्हणाला. हसू तोवर ओसरलं होतं.

जेवणाला तो थांबला नाही. मोठमोठ्या भांड्यांतून मटणाचा वास येत होता आणि सगळ्या कप्तानांची पतवंडं रांगेत उभी होती. तो घरी गेला. फळीवरच्या वाडग्याकडे बघत बसला. तिला काय हवं होतं ते त्याला नीट ठाऊक होतं. तिला कप्तान नको होता, तसले बेटावर पैशाला पासरी होते. तिला तिच्या आजीचा बाप हवा होता.

रविवारी सकाळी तो हातोडी आणि छिन्नी घेऊन चर्चच्या आवारात गेला. लोक प्रार्थनेला येत होते. तो दगडासमोर गुडघे टेकून बसला, शेवटून दुसऱ्या ओळीवर छिन्नी धरली आणि पहिला घाव घातला. काळी कपची उडाली.

"अहो आंब्रुआझ, काय करताय हे?" खानावळीची मालकीण धावत आली. "तांगीला विचारलंत का?"

"तो बघतोय की."

तांगी खरंच बघत होता. आवाराच्या फाटकाशी टोपी घालून उभा होता. सगळ्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग दगडाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. तो पुढे आला नाही. वळला आणि चर्चमध्ये गेला.

"याला काय झालं?" मालकीण म्हणाली. "आणि तुम्ही तरी काय करताय?"

"कप्तानाला खलाशी करतोय," आंब्रुआझ म्हणाला. "बाजूला हो, डोळ्यात कपची जाईल."

आत घंटा वाजली. आवार रिकामं झालं. आंब्रुआझ घाई न करता घाव घालत राहिला आणि दर अक्षरानंतर दगडावरची धूळ तळहाताने पुसत गेला. शेवटचं अक्षर गेलं तेव्हा त्या ओळीत आधी एक ओबडधोबड खड्डा होता आणि पुढे फक्त तुसाँ त्युअल. खड्डा दिसायला वाईट होता. वरच्या चकचकीत नावांत तो मोडक्या दातासारखा दिसत होता. आंब्रुआझने त्यावरून एकदा बोट फिरवलं, छिन्नी खिशात घातली आणि मागच्या वाटेने स्मशानात, स्वाझिगला सांगायला गेला.