सत्काराचा लॅपटॉप

लॅपटॉप मिळाला तेव्हा श्रुतिकाच्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ होता आणि मुलुंडच्या हॉलमध्ये समोर अख्खा गाव बसला होता. म्हणजे मुंबईतला गाव. बहुतेक घरं कोकणात कुलपात आणि माणसं भांडुप-घाटकोपरात, अशा गावांची जी मंडळं असतात त्यांतलंच हे एक. बारावीत चांगले मार्क मिळवलेल्या पोरीला मंडळाचे अध्यक्ष अनंतकाकांनी आपण नोकरीला असलेल्या कंपनीतर्फे लॅपटॉप दिला. फोटो नीट आला नाही म्हणून परत घेतला आणि पुन्हा दिला. पहिल्या रांगेत बसलेल्या बापाची, लवूची, मान दोन्ही वेळा ताठ झाली.

घरी, घाटकोपरच्या भटवाडीत, बटण दाबल्यावर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उमटली. सुरू करण्यासारखं काही सापडत नाही. कंपनीने देण्याआधी आतली हार्ड डिस्क काढून घेतली होती. दानत असावी, पण तिलाही काही मर्यादा!

श्रुतिका रडत बसणाऱ्यातली नव्हती. रविवारी तिची अंधेरीच्या एका कॉलेजची प्रवेश परीक्षा होती, कॉम्प्युटरच्या कोर्सची. ती घरात एकटीने, कॅमेऱ्यासमोर, लॅपटॉपवरच द्यायची. मोबाइल चालणार नाही असं ठळक अक्षरांत छापलं होतं. मैत्रिणीकडे लॅपटॉप होता, पण तिचीही परीक्षा त्याच वेळी. निदान तिच्याकडे बसून श्रुतिकाने पेन ड्राइव्हमध्ये लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम भरून घेतली. डिस्क नसली तरी मशीन पेन ड्राइव्हवरून चालतं, आणि परीक्षेला तेवढं पुरेसं होतं.

पेन ड्राइव्ह लावला. परत तीच ओळ. दुसऱ्या बाजूला लावून पाहिला, पुन्हा भरून आणून पाहिला. तीच ओळ. म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन मशीनला सांगायला हवं होतं, की बाबा, आधी पेन ड्राइव्ह बघ. त्यासाठी बटण दाबलं तर समोर एक चौकोन आला: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड. दुसऱ्या रस्त्याने गेली तरी तोच चौकोन. तिने कंपनीचं नाव घातलं, एक-दोन-तीन-चार घातलं, शेवटी वैतागून अनंतकाकांचं नाव घातलं. मशीन बंद पडलं.

स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्याने लॅपटॉप उलटा केला, कंपनीचं स्टिकर वाचलं आणि तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बिल आहे?"

"सत्कारात मिळालाय."

"चोरीचे पण असेच येतात. कंपनीचं लॉक आहे. जा, कंपनीकडूनच उघडून आण."

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. श्रुतिका लॅपटॉप ओढणीखाली घेऊन बाहेर पडली, जणू खरंच चोरला होता.

तिने तिथूनच अनंतकाकांना फोन लावला. "पासवर्ड? तो आयटीवाल्यांकडे असतलो गो," काका म्हणाले. "आता ती माणसांय रवली नाय. तू हुशार ना, यूट्यूबवर बघ. आणि तो आभाराचो व्हिडिओ पाठव हां. साहेबाक दाखवूचो आसा."

मग तिला प्रीतम आठवला. गेल्या वर्षी त्याचा सत्कार झाला होता, त्याने नक्की काहीतरी मार्ग काढला असणार.

"तुझा कसा चालू केलास रे?"

"नाही केला," प्रीतम म्हणाला. "पासवर्ड मागतो ना? माझा पण मागतो. टीव्हीखाली ठेवलाय, उंचीला."

"अरे मग व्हिडिओत केवढं काय काय बोललास!"

"तू पण बोलशील," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

शनिवारी लवूने मोबाइल धरला. श्रुतिका लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आणि सरळ म्हणाली, "हा लॅपटॉप बंद आहे. गेल्या वर्षीचाही बंदच होता. पासवर्ड देता येत नसेल तर सत्कार करू नका." लवूने तिला पूर्ण बोलू दिलं. मग व्हिडिओ पुसला.

"बाबा!"

"असा नाय बोलूचा गो. शिमग्याक पालखी कोणाच्या दारात थांबतली तां अनंता ठरवता. सुगंधावयनी सभेत उलट बोलली, तर दोन वर्षां पालखी तिच्या दारावरून फुडे गेली. माझी आये थय गावाक एकटी आसा. तिका काय वाटात?"

श्रुतिकाला बापाचा भयंकर राग आला. त्याहून राग याचा आला, की तो बोलला त्यात खोटं काहीच नव्हतं. तिने केस नीट केले, लॅपटॉप कॅमेऱ्याकडे पाठ करून उघडला आणि आभार मानले. काकांचे, कंपनीचे, मंडळाचे. एकदाही अडखळली नाही.

मंडळाच्या ग्रुपवर टाळ्या पडू लागल्या. पहिल्या टाळ्या प्रीतमच्या होत्या. पाठोपाठ अनंतकाकांचा मेसेज आला: साहेब खूश, पुढच्या वर्षी आणखी दहा लॅपटॉप.

लवू मोबाइल पुढे करून तिला एकेक नाव दाखवायला लागला.

"बाबा, उद्याची परीक्षा?"

त्याचा अंगठा थांबला. "फुडल्या वर्षी दी," तो हळूच म्हणाला.

"कशावर?" श्रुतिकाने विचारलं. "त्या दहांतल्या एकावर?"

लवूने मोबाइल उलटा करून ठेवला. तो वाजतच राहिला.