फक्त हिरव्या टबांत

गल्लीत तिला सगळे शेवाळवाली म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. नोकरी डास नियंत्रण विभागात आणि डोक्यात उठता-बसता शेवाळ, मग लोक दुसरं काय म्हणणार? शेवाळ होतं मात्र भारी. डासांच्या अळ्या ते मिटक्या मारत खातात, पण त्याचं कवच इतकं चिवट की पोटात गेलं तरी पचत नाही. अळी पोटभर खाते आणि उपाशी मरते. ना औषध, ना फवारणी, ना माणसाला धोका. प्रयोगशाळेत ऊन येत नव्हतं, म्हणून साहेबांना विचारून तिनं टब घरच्या गच्चीवर मांडले होते, सासऱ्यांच्या गुलाबांच्या कुंड्यांशेजारी.

सुरुवातीला अळ्यांनी तिची चांगलीच फजिती केली. हिरव्या टबांतल्या अळ्या खाऊनपिऊन टुणटुणीत व्हायच्या आणि डास होऊन तिच्याच कानाशी गुणगुणायच्या. साहेब म्हणाले, "गुंडाळा आता हे." त्या दिवशी ती भरल्या ताटावर रडली. मग एकाएकी चित्र पालटलं. हिरव्या टबांत अळ्या पटापट मरायला लागल्या, साध्या पाण्याच्या टबांत मात्र मजेत वळवळत राहिल्या. शेवाळाला ऊन मानवलं, असं तिनं ठरवून टाकलं. हवं तेच घडत असताना कारण कोण विचारतो? तिनंही विचारलं नाही आणि साहेबांनी तर नाहीच नाही, त्यांना तापाची साथ येण्याआधी काहीतरी करून दाखवायचं होतं.

आज सकाळी गच्चीवरच्या टबांतून भरलेले हिरव्या पाण्याचे कॅन गाडीत चढवून ड्रायव्हर टेकडीखालच्या वस्तीकडे गेला. तिथल्या उघड्या हौदांत डासांचा नुसता सुळसुळाट होता. काल तिनं स्वतः तिथल्या बायकांना सांगितलं होतं, पाणी हिरवं दिसलं तरी घाबरू नका, धुण्याला वापरा, आंघोळीला वापरा, काही होत नाही.

गाडी गेल्यावर ती टब बघायला गच्चीवर आली. काल संध्याकाळी तिनं एका हिरव्या टबात तळ्याचं पाणी ओतलं होतं. त्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारके जीव होते, आणि शेवाळानं त्यांचं काही बिघडायला नको होतं. ते सगळे तळाशी मरून पडले होते. ती बघतच राहिली.

सासरे कुंडीतली माती उकरत होते.

"बाबा, ह्या टबांत कोणी काही टाकलं का?"

सासरे गालातल्या गालात हसले. "आलं का लक्षात? गुलाबांवर किडीसाठी फवारतो ना, त्यातलंच टाकतो. रोज सकाळी झाकणभर."

"कुठल्या टबांत?"

"फक्त हिरव्या. साध्यांना हात लावायचा नाही म्हणून तूच बजावलं होतंस. नाही लावला."

बजावलं होतं खरं. साधे टब तुलनेसाठी होते, म्हणून त्यांच्याबद्दल तिनं दहादा सांगितलं होतं. त्या बुळबुळीत हिरव्या पाण्यात कोणी बोट घालेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"तू जेवताना रडलीस गं," सासरे म्हणाले. "मला बघवेना. म्हटलं, लेकीच्या शेवाळाला जरा हातभार लावावा."

रागवावं की रडावं, तिला कळेना. तिनं कठड्याला धरून ड्रायव्हरला फोन लावला.

"दोन हौद झाले, मॅडम. तिसऱ्याला हात घातलाय."

"थांबा. थेंबसुद्धा ओतू नका. आणि त्या दोन हौदांच्या पाण्याला कोणाला शिवू देऊ नका."

सासऱ्यांच्या हातातलं खुरपं खाली पडलं. "ते माणसांच्या हौदांत टाकलंत? मला वाटलं, गटारात टाकणार."

"औषधाची बाटली घ्या बरोबर," ती एवढंच म्हणाली.

दोघं स्कूटरवरून तिकडे निघाले. वस्तीत ड्रायव्हर हौदापुढे हात पसरून उभा होता आणि बायका रिकाम्या बादल्या घेऊन त्याच्याशी भांडत होत्या.

"ह्या पाण्यात विषारी औषध गेलंय," तिनं सांगून टाकलं.

बायकांनी बादल्या खाली ठेवल्या. मग एक म्हणाली, "काल तर म्हणालात, काही होत नाही."

"काल मला माहीत नव्हतं."

मागून एक तरुण आई पुढे आली. तिच्या कडेवरच्या तान्ह्या मुलीचं जावळ अजून ओलं होतं.

"हिला आत्ताच आंघोळ घातली. तोंडातही गेलं थोडं. हिला काही होणार नाही ना?"

त्या शेवाळाबद्दल कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी शेवाळवालीनं सांगितलं असतं. त्या बाटलीबद्दल तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "गाडीत बसा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ."

ड्रायव्हरनं दार उघडलं. आईनं त्या गाडीकडे पाहिलं, तिच्यातल्या हिरव्या कॅनांकडे पाहिलं आणि मुलीला छातीशी घट्ट धरून ती रस्त्याकडे पळत सुटली. कोणी हाक मारली तरी ती थांबेना.

"अगं पोरी, डॉक्टर विचारतील काय गेलं पोटात," असं म्हणत सासरे बाटली घेऊन तिच्यामागे धावले.