पाचव्या नळीतल्या टी-पेशी

पाच नंबरच्या नळीत टी-पेशी निघाल्या. चांगल्या भरपूर निघाल्या, पेशी मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर ठिपक्यांचा अख्खा ढग. इनोकुमाचा प्रबंध जागच्या जागी खलास झाला.

छे, असं काही झालंच नाही. इनोकुमाने पडदा बंद केला, रुमालाने कपाळ टिपलं आणि नुकताच आत येत असल्यासारखा दाराशी जाऊन उभा राहिला. मग येऊन खुर्चीत बसला आणि पडदा चालू केला. ढग तिथेच होता.

कोवळ्या पेशी अस्थिमज्जेतून निघून छातीतल्या थायमस ग्रंथीत येतात, तेव्हा आपण पुढे कोण होणार हे त्यांचं ठरलेलं नसतं. काळा सूट चढवून एका कंपनीतून दुसरीत मुलाखती देत फिरणाऱ्या पोरांसारख्या त्या सगळीकडे 'हो जी' म्हणत असतात. मग बीसीएल-११-बी नावाचं एक प्रथिन त्यांच्या डीएनएवर जाऊन बसतं, काही जनुकं चालू करतं, काही बंद, बाकीच्या वाटा बुजवून टाकतं आणि बजावतं, टी-पेशी व्हायचं, विषय संपला. अशा हुकूम सोडणाऱ्या प्रथिनांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. इनोकुमाचा दावा एवढाच होता, की हे प्रथिन काढून घेतलं तर टी-पेशी होतच नाहीत. पोरं वाया जावीत तशा त्या मारेकरी पेशींच्या वळणावर जातात. पाच नंबरच्या पिंजऱ्यातल्या उंदरात हे प्रथिन नव्हतं. आणि पाच नंबरच्या नळीत टी-पेशी होत्या.

पुढच्या गुरुवारी तोंडी परीक्षा. ती हुकली की औषध कंपनीतली ठरलेली नोकरी गेली, आणि मग तोकुशिमाला जाऊन वडिलांच्या दुकानात जन्मभर तोफू कापायचा.

"काय रे, कोण गेलं?" शिबुकावाने विचारलं. ती प्रयोगशाळेत त्याच्याहून सहा वर्षांनी जुनी होती आणि यंत्रांजवळ खायला बंदी असताना तिथेच उभी राहून ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खायची.

"शिबुकावासान, ते प्रथिन नसताना टी-पेशी होऊ शकतात?"

"त्या होतील रे. तू डॉक्टर होणार नाहीस. सेन्सेईंना सांगितलंस?"

"त्यांचं पोट बिघडलंय म्हणे आज."

"तू सांगितल्यावर बिघडेल. आत्ता ठणठणीत आहे. जा."

आपले मार्गदर्शक कुझे सेन्सेई यांच्यासमोर इनोकुमा इतका वाकला, की पुढचं सगळं त्याने गालिच्याला सांगितलं. सेन्सेईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. इनोकुमा मनातल्या मनात तोफू कापू लागला होता.

"म्हणजे इतकी वर्षं सगळं जग चुकतंय," सेन्सेई म्हणाले.

"कदाचित मीच कुठे..."

"तू मध्ये येऊ नकोस."

त्यांनी फोन उचलला आणि ही बातमी अधिष्ठात्यांना दिली. मग ओसाकाच्या त्या प्राध्यापकांना, जे दर परिषदेत त्यांना 'क्योतोची पुराणवस्तू' म्हणायचे. सेन्सेईंना इतकं खुशीत इनोकुमाने कधी पाहिलं नव्हतं. आता त्याला खरी भीती वाटली. नापास होणं हा निदान ओळखीचा खड्डा होता.

तो परत आला तेव्हा शिबुकावा दुसऱ्या ओनिगिरीवर होती. "उंदराच्या शेपटीची तपासणी केली होतीस?"

"दोनदा. प्रथिनाचं जनुक नाहीच त्याच्यात."

"नळ्यांवर आकडे कोणी टाकले?"

"मीच. पिंजऱ्यांच्या ओळीने. एक ते सहा."

शिबुकावाचं चावणं थांबलं. "शेवटच्या पिंजऱ्यावर काय लिहिलंय?"

"सात," इनोकुमा म्हणाला, आणि मग खाली बसला.

प्राणिगृह होतं इस्पितळाच्या जुन्या इमारतीत. तिथे चार नंबरची खोली नाही, लिफ्टला चार नंबरचं बटण नाही, कारण जपानीत चार आणि मरण या दोन्हींचा उच्चार 'शी', म्हणून चार म्हटलं की माणसाला मरण आठवतं. पिंजरेही त्याच चालीने: तीन, मग एकदम पाच. ते उंदीर पुढे आपल्याच हातून मरायचे असतात, पण निदान अपशकुनाने तरी मरू नयेत. रोजच्या सवयीने हे कोणाला दिसतच नव्हतं. म्हणजे पाचवी नळी सहाव्या पिंजऱ्यातल्या धडधाकट उंदराची. त्याला टी-पेशी नसत्या तरच नवल.

त्याने चौथी नळी यंत्राला लावली. ढग गायब. ठिपके सगळे मारेकऱ्यांच्या कोपऱ्यात, अगदी प्रबंधात लिहिले होते तसे. इनोकुमाचा जीव भांड्यात पडला आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून सेन्सेईंचं हसू ऐकू आलं. ते अजून फोनवरच होते.

तो पुन्हा गालिच्यासमोर वाकला. सेन्सेईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन पालथा ठेवला.

"किती जणांना सांगितलं मी?"

"मला वाटतं, तिघांना."

"चौघांना."

तो आकडा तोंडून गेल्यावर सेन्सेईंनी जीभ चावली.

"हे बघ," सेन्सेई म्हणाले, "चूक तुझी नाही. माझी तर नाहीच. चार नंबरचा पिंजरा असता तर चौथ्या नळीत चौथा पिंजरा आला असता. बरोबर?"

"बरोबर. पण तो नाहीये, सेन्सेई."

"मग मागून घे."

"आता मागून काय..."

"मागच्या तारखेपासून माग. तो मिळाला की मी ओसाकाला कळवीन, की आमच्याकडे सगळं पहिल्यापासून ठीकच होतं. आणि तुझ्या परीक्षेच्या कागदावर सहीही तेव्हाच करीन."

इनोकुमाने हसण्याची वाट पाहिली. सेन्सेई हसले नाहीत. तो आपल्या टेबलाशी येऊन बसला आणि लिहू लागला:

"प्रति, माननीय व्यवस्थापक, प्राणिगृह. महोदय, आपल्या प्राणिगृहात चार नंबरचा पिंजरा गेल्या एप्रिलपासून अस्तित्वात असल्याचे मानण्यात यावे. पाच नंबरच्या पिंजऱ्यातील दिवंगत उंदीर हयातभर त्यातच राहत होता, असे जाहीर करण्यात यावे. आणि सदर क्रमांकामुळे स्वतःस कोणताही अपशकुन झाला नाही, असे उक्त उंदराच्या सहीचे प्रमाणपत्र गुरुवारपूर्वी अर्जदारास देण्यात यावे, ही नम्र विनंती."