जाळायला दिलेलं घर

खिडकीच्या कोनाड्याची खोली चौदा इंच. लहानपणी आर्डिस त्यात पाय दुमडून बसायची.

ओढ्यापलीकडे एक दगड. त्यावर पितळी पाटी: काउंटीतलं पहिलं घर इथे होतं.

बटाटे-खिम्याचे चार मोठे ट्रे, फडक्यांखाली गरम.

पेंढ्याच्या बारा गासड्या, दिवाणखान्यात.

गासड्या आग लावण्यासाठी होत्या. इकडे अमेरिकेत, आयोवा राज्यात जुनं रिकामं घर नकोसं झालं की स्वयंसेवक अग्निशामकांना सरावासाठी देतात. ते पेटवतात, विझवतात, पुन्हा पेटवतात, आणि शेजारीपाजारी घडीच्या खुर्च्या घेऊन बघायला येतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आर्डिस ब्रेकहुसनंही आपलं जन्मघर असंच देऊन टाकलं. दलाचा प्रमुख तिचा भाचाच, व्हर्लिन.

या घराचं तिला फारसं वाईट वाटत नव्हतं. तिचा जीव अडकला होता दुसऱ्याच घरात. पणजी गुनहिल्ड नॉर्वेहून आल्यावर ज्या ओंडक्यांच्या घरात राहिली, ते आर्डिस चाळीस वर्षं शोधत होती. शेवटी अंदाजानं तिनं ओढ्यापलीकडे दगड बसवला आणि त्यावरून शेजारच्या सेल्मरशी कायमचं वाकडं घेतलं. सेल्मरचं म्हणणं, तिथं आपण जन्मभर नांगरलं, चुलीचा एक दगडसुद्धा लागला नाही. तोही आज पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसला होता.

दहाला आग लावायची होती. पावणेदहाला, धुराला वाट हवी म्हणून व्हर्लिननं स्वयंपाकघराच्या भिंतीत कुऱ्हाड घातली. ती टणकन उलटली. त्यानं पुन्हा घातली. गिलावा कोसळला आणि आत दिसला हातानं तासलेला, हातभर रुंद ओकचा ओंडका.

तो दारात आला. "आत्या, जरा आत ये. आणि आधी कशाला तरी धर."

आर्डिसनं भोकात हात घातला. कोपऱ्यात ओंडके एकमेकांत गुंतवलेले, एकही खिळा नाही. इतक्या जाड भिंती कोण बांधतं, हा प्रश्न तिला कोनाड्यात बसून कधी पडला नव्हता. चाळीस वर्षं सगळ्यांची शेतं तुडवली, आणि पणजीचं घर तिच्या पाळण्याभोवती उभं होतं.

बाहेर चार गावांचे बंब घुरघुरत होते. आग थांबवायची तर कारण सांगावं लागणार होतं, तेही सेल्मरसमोर. ती पायरीवर येऊन उभी राहिली.

"कुणी काडी ओढायची नाही. गुनहिल्डचं घर या भिंतींत आहे. सेल्मर, माझा दगड चुकीच्या जागी बसलाय. तुझं बरोबर होतं."

सेल्मर खुर्चीत रेलला. "चार गावांना ऐकू गेलं, बरं का आर्डिस. तरी मला आणखी एकदा ऐकायचंय."

"जेवायला थांब, मग बघू," ती म्हणाली आणि आधी तिलाच हसू फुटलं.

जाळायला आलेल्या माणसांनी मग दिवसभर पहारींनी ओंडक्यांवरच्या फळ्या उचकटल्या. बारा गासड्यांचं काय करू, म्हणून व्हर्लिन कुरकुरत होता. शेवटी त्यांनी फळ्यांचा ढीग अंगणात पेटवला, विझवला, पुन्हा पेटवला. सराव बुडाला नाही. ट्रे रिकामे झाले. सेल्मर दुपारी गाडी काढून गेला आणि आर्डिसचा दगड साखळीनं ओढत घेऊन आला. तो कुठं ठेवायचा यावरून दोघांचं पुन्हा जुंपलं, आणि आर्डिस इतकी खुशीत भांडली की व्हर्लिननं मध्ये पडायचं टाळलं.

ओंडक्यांवर पांढऱ्या फळ्या गुनहिल्डनंच ठोकून घेतल्या होत्या, १८८१ साली. पाद्री जेवायला यायचे होते, आणि ओंडक्यांच्या घराची तिला लाज वाटत होती.