काळ्या पाण्यातला रवा

"म्याडम, थंड करून राह्यलात ना, म्हणून तुंबून राह्यलंय."

ज्योत्स्नाने वळून पाहिलं. प्रयोगशाळेच्या दारात बॉयलरवरचा मच्छिंद्र उभा होता. तिच्या हातातल्या गाळणीवर काळा चिखल साचला होता, खाली थेंब उतरत नव्हता.

जालन्याजवळच्या त्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, कॉस्टिक सोड्यात शिजवत. लगद्याचा पुठ्ठा होई, आणि उरलेलं काळं पाणी आटवून मच्छिंद्र बावीस वर्षं भट्टीत जाळत आला होता. त्या पाण्यातलं लिग्निन वेगळं काढून त्याची रसायनं करायची, हा ज्योत्स्नाचा ध्यास. ते जमवायला मालक राधेश्यामशेठनी शनिवारपर्यंतच मुदत दिली होती, आणि आज शुक्रवार होता.

"तुम्हाला कसं माहीत, काका?"

"गटार मीच उपसतो की. पाइप धुतलेलं अ‍ॅसिड काळ्या पाण्यात मिसळतं. पाणी गरम असलं तर बराबर रव्यावानी दाणे पडतेत. थंड असलं की नुसता शेंबूड."

तिने नवं पाणी घेतलं, गरम ठेवलं आणि अ‍ॅसिड थेंबथेंब सोडलं. तपकिरी दाणे तळाशी बसले. गाळणीतून पाणी झरझर उतरलं.

"पन ह्ये हाय तरी काय?"

"लिग्निन. झाडाला ताठ उभं ठेवतं ते."

मच्छिंद्रने चिमूटभर रवा बोटांत चोळून पाहिला. "बावीस वर्सं जाळलं, अन् नाव आज कळ्ळं."

शेठनी मुदत वाढवली. महिन्याभराने ज्योत्स्नाने मच्छिंद्रच्या नाकाशी एक बाटली धरली.

"आइस्क्रीम!" तो चकित झाला. "ह्ये त्याच्यातून?"

"त्याच रव्यातून. व्हॅनिलाचा वास आहे हा."

"मंग तेल बी निघंल का?"

"निघतं. इंजिनात चालण्याजोगं करायला अजून वेळ लागेल."

तो रोज नवा प्रश्न घेऊन येऊ लागला. दिवाळीनंतर शेठनी ठरवलं, काळं पाणी आता रवा काढायला नव्या शेडमध्ये जाणार, आणि जुन्या बॉयलरच्या जागी गॅसचा, आपोआप चालणारा बॉयलर येणार.

"मंग माझी भट्टी?"

हे ज्योत्स्नाच्या डोक्यातच आलं नव्हतं. "शेडमध्ये रवा ओळखणारा माणूस लागेल. मी शेठशी बोलते."

"बोला. पन नुसतं बघायला न्हाई ठेवायचं. सगळं शिकवायचं. मला वाचता येतंय."

शेठ तयार झाले.

शेवटच्या दिवशी मच्छिंद्रने भट्टीतली राख नीट खरवडून काढली आणि दार लावून घेतलं. या दाराला उघडा हात लावायची सोय कधीच नव्हती. त्याने त्यावर पूर्ण तळवा टेकवला.

लोखंड गार होतं.