मानकऱ्याच्या दगडावर

पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत मोबाइलला रेंज एकाच जागी यायची, आणि ती जागा नेमकी मानकऱ्यांची. देवळापुढे पालखी टेकवायचा चौथरा, त्यावर एक काळा दगड. शिमग्यात पालखीचा पहिला खांदा ज्याचा, त्यानेच तिथे बसायचं. बाईमाणसाने पायरीसुद्धा चढायची नाही. रेंज काही गावकीला विचारून येत नव्हती, त्याला कोण काय करणार?

वडील गेल्यावर श्रुतिका आईसाठी पुण्याहून परतली होती आणि ऑनलाइन स्पॅनिश शिकवून घर चालवणार होती. आज तिचा पहिला तास. संस्थेच्या मॅडम ऐकायला बसणार होत्या. तास बिघडला की नोकरी गेलीच. ती सरळ जाऊन दगडावर बसली.

तास सुरू होतो न होतो तोच चार माणसं घेऊन मानकरी रावजी आले. "उठ गो. हा मान तुला दिला कोणी?"

"तास झाला की उठते, तात्या."

"आत्ताच उठ. नायतर तुमचं घर वाळीत टाकू."

वाळीत टाकलं तर आईच्या दुखण्याखुपण्याला शेजारीणही फिरकणार नाही. मग श्रुतिकाला मनस्वी राग आला. एवढीशी रेंज, आणि तिच्यावरही यांचाच मान! तिने आवाज चढवला.

"मुलांनो, आजचं क्रियापद 'आत्रेबेरसे'. म्हणजे धजणं. मूळ लॅटिन 'त्रिबुएरे', वाटून देणं. रोममध्ये लोकांचे गट असायचे, आपल्या भावक्यांसारखे. ज्याला त्याला वाटा नेमून द्यायचा, त्यावरून तो शब्द आला. पण धजणाऱ्याला कोणी काही नेमून देत नाही. हे मला जमेल, असं तो स्वतःच ठरवतो आणि आपला वाटा आपणच आपल्याला देतो. त्यातूनच स्पॅनिशमधलं धजणं आलं."

"काय बडबडते ही?" रावजींनी सोबत आलेल्या अनिलला विचारलं.

अनिलने हसू दाबलं. "मान कोण देत नाय म्हणते, तात्या. आपला आपण घ्यायचा."

रावजींचा चेहरा लालबुंद झाला. "संध्याकाळी गावकी बसंल. तुझा निकालच लावतो."

श्रुतिकाने फोनचा माइक बंद केला आणि बसल्या जागेवरून त्यांच्याकडे पाहिलं.

"बसवा, तात्या. पण हितंच बसवा. संध्याकाळी माझा दुसरा तास हाय, मी काय इथून उठणार नाय."